समूहाचा सूर, एकट्याचा गुण : शालेय समूहगानाच्या मूल्यमापनाचा मागोवा

काही वर्षांपूर्वी सुरगाणा तालुक्यातील शाळांच्या एका समूहगीत स्पर्धेस आम्ही दोघे परीक्षक म्हणून गेलो होतो. मराठीच्या प्राध्यापकांना अशा ठिकाणी बोलावण्याचा प्रघात आहे. गाण्यातले फारसे कळत नसले तरी शब्दांतले कळते, अशी एक समजूत त्यामागे असते. हाती आलेल्या गुणपत्रकात पाच रकाने होते : स्वर, ताल, शब्दोच्चार, गीताची निवड आणि सादरीकरण. प्रत्येकास दहा गुण. एका आश्रमशाळेच्या आठ मुली गायला उभ्या राहिल्या. त्यांच्याजवळ पेटी नव्हती, तबला नव्हता. एका मुलीने हाताने ताल धरला होता. उचल एका श्वासात होत होती, आणि ओळ संपताना आठही आवाज एकाच ठिकाणी उतरत होते. गीत प्रमाण मराठीतले होते. मात्र त्यात जेथे जेथे 'ण' होता, तेथे तेथे त्या आठही जणी 'न' म्हणत होत्या. आम्ही दोघांनी, एकमेकांना न विचारता, उच्चाराच्या रकान्यात दहापैकी चार गुण लिहिले. त्या संघाचा क्रमांक त्या एका रकान्याने गेला.

निकालानंतर त्यांचे शिक्षक भेटायला आले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "सर, पोरी बेसूर झाल्या का कुठं?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "नाही." "ताल सुटला?" "नाही." "मग मॅडम, चुकलं काय?" आम्ही 'उच्चार' एवढेच म्हणू शकलो. "घरी तशाच बोलतात त्या," असे म्हणून ते मुलींना घेऊन एस. टी. गाठायला निघून गेले.

त्या चार गुणांचा हिशेब आम्ही पुढे बराच काळ मनाशी लावीत राहिलो. प्रश्न एका स्पर्धेपुरता नव्हता. समूहगानाला गुण द्यायचे म्हणजे नेमके कशाला द्यायचे? गाणे समूहाचे असते, गुणपत्रक मात्र नावाचे असते. या दोहोंची गाठ शाळेने कशी घातली, आणि ती घालताना 'उच्चार' हा रकाना कोठून आला, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठी मुलुखात एकत्र गाणे ही शाळेने दिलेली गोष्ट नव्हे. पंतोजींच्या शाळेत संध्याकाळी परवचा म्हटला जाई तो सामूहिकच. कीर्तनात टाळकरी असतात. तुकोबांचे चौदा टाळकरी परंपरा आजही सांगते. तमाशात आणि पोवाड्यात झील धरणारे असतात, सुरत्या असतो. या साऱ्यांची पारख होत नसे, असे नाही. 'झील तुटली', 'साथ कमी पडली', 'मेळ जमला नाही' हे शब्दप्रयोग पारखीचेच आहेत. परंतु त्यांचे व्याकरण पाहावे. झील तुटते, ती अमक्याने तोडली असे सहसा कोणी म्हणत नाही. मेळ जमतो किंवा जमत नाही. तो कोणा एकाच्या नावावर मांडता येत नाही. १८९० नंतर सार्वजनिक गणेशोत्सवातून गाणाऱ्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांना नावही 'मेळा' असेच मिळाले. मेळ्यामेळ्यांत चुरस असे, पण ती संघासंघांतली असे. मेळ्यातल्या पाचव्या मुलाला किती गुण, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

गाण्याची परीक्षा आणि गाण्याची पदवी ही कल्पना आपल्याकडे दुसऱ्या वाटेने आली. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि शिकवण्यासाठी स्वरलिपीचा अवलंब केला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. पलुस्करांनी मुलांसाठी 'संगीत बालबोध' व 'संगीत बालप्रकाश' यांसारखी क्रमिक पुस्तके लिहिली. गाणे घराण्याच्या दारातून बाहेर काढून ते वर्गात आणावयाचे, तर त्याला इयत्ता हव्यात, पुस्तके हवीत आणि परीक्षाही हवी, हे त्यांच्या खटपटीचे सूत्र होते. आयुष्याच्या उत्तरकाळात ते नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापून राहिले. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही त्या मंडळाच्या परीक्षांची पायरी आज गावोगावच्या पालकांना तोंडपाठ असते.

या परीक्षांचे ऋण मोठे आहे. ज्या घरात गाणे नव्हते, त्या घरातील मुलामुलींना त्यांनी गाण्याच्या दारात उभे केले. तथापि या परीक्षेचा घटक व्यक्ती हा आहे. परीक्षकासमोर एकजण बसतो, राग सांगतो, आलाप करतो, हाताने ठेका धरून दाखवतो. पलुस्करांच्या कार्याची दुसरी बाजू सामूहिक होती. सभा-संमेलनांतून एकत्र म्हटली जाणारी भजने व राष्ट्रीय गीते त्यांनी लोकप्रिय केली. त्या दुसऱ्या बाजूला परीक्षा नव्हती. म्हणजे एकाच गुरूच्या वारशातून परीक्षेचे गाणे आणि समूहाचे गाणे अशा दोन वाटा निघाल्या, आणि शाळेच्या वाट्याला पुढे दोन्ही आल्या.

सबंध वर्ग मिळून गातो तेव्हा त्याची किंमत कशी करावी, हा प्रश्न इंग्लंडच्या शिक्षणखात्याने एकोणिसाव्या शतकात फार व्यवहारी रीतीने सोडवला होता. तेथे १८६२ पासून शाळांना निकालावर अनुदान मिळू लागले. या हिशेबात पुढे गाण्याचाही समावेश झाला. १८८२ च्या नियमांनंतर वर्ग नुसता ऐकून गात असेल तर दर मुलामागे सहा पेन्स, आणि स्वरलिपी वाचून गात असेल तर एक शिलिंग, असा दर ठरला. तपासनीस वर्गाचे गाणे ऐके आणि पैसे शाळेला मिळत. मुलाच्या नावावर काही चढत नसे. या व्यवस्थेत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, मोजमापाचा घटक वर्ग होता. दुसरी, कानाने शिकलेल्या गाण्याची किंमत कागदावरून वाचलेल्या गाण्याच्या निम्मी होती. मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत त्याच शतकात आली. गाण्याचा तो दर आपल्याकडे आला नसेल; परंतु लिहिलेले ते वरचे आणि ऐकलेले ते खालचे, ही उतरंड मात्र आपल्या शाळांत मुक्कामाला आली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे समूहगानाला नवा अर्थ मिळाला. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांतून आणि कलापथकांतून गाणे हे एकत्र येण्याचे साधन झाले. पुढे संगीतकार वसंत देसाई यांनी शाळकरी मुलांच्या मोठमोठ्या समूहगानांचे कार्यक्रम बसवले. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांसाठी त्यांनी बांधलेल्या प्रार्थना देशभरच्या शाळांच्या परिपाठात शिरल्या, हे तर सर्वश्रुत आहे. कलकत्त्यात १९५८ मध्ये युवकांचे गायनवृंद उभे राहिले; सलील चौधरी व रुमा गुहा ठाकुरता ही नावे त्याच्याशी निगडित आहेत. एकसुराच्या आपल्या परंपरेत अनेक सुरांची रचना आणण्याचा तो प्रयत्न होता. या साऱ्यात गुणांचा प्रश्न नव्हता. हजार मुले एका मैदानावर एक गाणे म्हणतात, तेव्हा त्यांतील एखादा बेसूर असला तरी गाणे त्याला पोटात घेते.

गुण आले ते स्पर्धेबरोबर. भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा १९६७ पासून सुरू आहे. महाराष्ट्रात कामगार कल्याण मंडळाच्या समरगीत व भजन स्पर्धा, शाळांच्या आंतरशालेय स्पर्धा, स्नेहसंमेलने यांतून रकान्यांचे गुणपत्रक रूढ झाले. स्पर्धेत गुण संघाला मिळतात, म्हणजे मेळाचे जुने तत्त्व तेथे शाबूत राहते, असे वाटेल. पण येथेच एक निराळा अन्याय सुरू होतो. संघात आठ-दहा जणांनाच जागा असते, आणि गुण संघाला असल्याने ज्याचा सूर हलतो तो संघाचा शत्रू ठरतो. 'तू नुसते ओठ हलव' हे वाक्य ज्यांनी शाळेत ऐकले आहे, त्यांची संख्या थोडी नसावी. आमच्या पदव्युत्तर वर्गातही असे विद्यार्थी भेटतात, आणि त्या दिवसानंतर ते पुन्हा कोठेच गायिलेले नसतात. समूहाला गुण दिला की व्यक्ती गप्प केली जाते; व्यक्तीला गुण दिला की समूह मोडतो. समूहगानाच्या मूल्यमापनातला मूळ पेच हा असा आहे.

वर्गातल्या मूल्यमापनात हा पेच आणखी घट्ट होतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना संकलित म्हणजे लेखी परीक्षा नाही. सारे मूल्यमापन आकारिक. निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम अशा साधनांनी शिक्षकाने मुलाला वर्षभर पाहावे, आणि त्यावरून अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या नऊ श्रेणींपैकी एक द्यावी, सोबत वर्णनात्मक नोंद लिहावी, अशी ही योजना. विचार म्हणून ती उत्तम होती, आजही उत्तम आहे. कानाने ऐकून कागदावर उतरवण्याची मुभा तिने शिक्षकाला दिली.

प्रत्यक्षात काय होते? वर्गात चाळीस मुले आणि हाती अर्ध्या तासाची तासिका. एकेकाला एक मिनिट ऐकायचे म्हटले तरी तासिका पुरत नाही, आणि कला हा एकच विषय त्या शिक्षकाकडे नसतो. मग तयार नोंदींच्या याद्या उपयोगी पडतात. 'गीत तालासुरात गातो', 'समूहगीतात आवडीने भाग घेतो' ही वाक्ये नोंदवहीत एकाखाली एक उतरतात, आणि श्रेणी बहुधा मुलाच्या भाषा-गणिताच्या श्रेणीच्या आसपास बसवली जाते. यात शिक्षकाचा आळस पाहणे सोपे आहे. आम्हांस ते रास्त वाटत नाही. चाळीस गळ्यांतून उठणाऱ्या एका आवाजाचे चाळीस तुकडे करून दाखवा, असे आपण त्याला सांगत असतो.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. वर्गात सूर बहुधा शिक्षकाच्या गळ्याचा लागतो. पुरुष शिक्षक काळी एक किंवा दोनमध्ये गातात. त्या पट्टीतले मंद्रातले स्वर लहान मुलांच्या गळ्यात उतरत नाहीत. मुले तेथे पुटपुटतात आणि बेसूर ठरतात. हेच गाणे काळी चार-पाचमध्ये घेतले, तर बेसुरांची संख्या झटकन कमी होते. सातवी-आठवीत मुलग्यांचा आवाज फुटू लागतो. कालपर्यंत सुरेल असलेला मुलगा सहा महिन्यांत 'ब' श्रेणीत येतो, ते त्याच्या शिकण्यामुळे नव्हे, वयामुळे. श्रेणीच्या रकान्याला हे भेद दिसत नाहीत.

आता पुन्हा सुरगाण्याकडे वळू. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या डांग-वलसाडला लागून असलेला हा तालुका म्हणजे एकेकाळचे देशमुखांचे छोटे संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झाले. कोकणा, वारली, महादेव कोळी ही येथील प्रमुख वस्ती. दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळासारख्या संस्थांनी या भागात शिक्षणाची वाट पाडली, आणि १९७२-७३ पासून शासनाच्या आश्रमशाळांनी ती रुंद केली. सहा-सात वर्षांचे मूल घर सोडून आश्रमशाळेत राहावयास येते. त्याच्या घरी कोकणा बोली असते, शाळेत प्रमाण मराठी. अशा पुष्कळ मुलांच्या कानावर प्रमाण मराठी जी सर्वांत आधी आणि सर्वांत नेमाने पडते, ती परिपाठाच्या गाण्यांतून : राष्ट्रगीत, प्रार्थना, समूहगीत, आणि २०२३ पासून राज्यगीत. अर्थ कळण्यापूर्वी चाल कळते. भाषेच्या दारात त्यांना गाणे घेऊन येते.

पण ही मुले गाण्याकडे रिकाम्या हाताने येत नाहीत. या पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. व्रत धरलेल्या माउल्या दिवसचे दिवस एकत्र राहतात, रिंगणात गातात, नाचतात. पावरकर पावरी वाजवतो. थाळकरी काशाच्या थाळीत मेणाने उभी काडी चिकटवतो आणि तीवरून बोटे ओढीत अखंड घुमणारा सूर काढतो. त्या सुरावर रात्र-रात्र कथा चालते. एकाने सांगावे, बाकीच्यांनी झेलावे. शेजारच्या वारल्यांत तारपकरी मधोमध आणि नाचणारे त्याच्या भोवती. त्याने चाल बदलली की सारे रिंगण पाऊल बदलते. या परंपरेत शिकण्याची परीक्षा एकच असते : रिंगण तुटते की नाही. नवखा मुलगा दोन जाणत्यांच्या मध्ये धरला जातो. त्याचे पाऊल चुकले तर रिंगण त्याला ओढून घेते. त्याला बाहेर काढले जात नाही, आणि ओठ हलवायलाही सांगितले जात नाही.

हे सारे घेऊन आलेली मुलगी समूहगीताला उभी राहते, तेव्हा तिला झेलणे येते, श्वास जुळवणे येते, दुसऱ्याचे ऐकत गाणे येते. आमच्या पाच रकान्यांत या तिन्हींसाठी जागा नव्हती. जागा होती ती उच्चाराला. आणि हा रकाना संगीताने दिलेला नाही, तो आम्ही, म्हणजे मराठीच्या शिक्षकांनी, दिलेला आहे. समूहगानाला उच्चाराची गरज आहे, यात शंका नाही. पण ती गरज उच्चार *एकसारखा* असण्याची आहे. एकाने 'आ' तोंड उघडून म्हटला आणि दुसऱ्याने मिटून, तर सूर एक असूनही आवाज फाटतो. व्यंजन एकाच क्षणी पडले नाही तर ताल सांडतो. या अर्थाने त्या आठ मुलींचा उच्चार निर्दोष होता. आठही जणी 'न' म्हणत होत्या आणि एकाच क्षणी म्हणत होत्या. आम्ही तपासले ते उच्चाराचे *शुद्धत्व*. एकसारखेपणा ही संगीताची मागणी आहे; शुद्धत्व ही समाजाची मागणी आहे. एकाच शब्दाखाली आम्ही दुसरी मागणी पहिलीच्या रकान्यात सरकवली होती, आणि घरच्या बोलीची वजाबाकी गाण्याच्या गुणांतून केली होती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच व्यवसायबंधूंकडून येईल. गीत प्रमाण भाषेतले आहे, कवीने 'ण' लिहिला आहे, तर तो म्हणावयास नको काय? उद्या हीच मुले मुलाखतीला, परीक्षेला जातील, तेव्हा त्यांना कोण सांभाळून घेणार? आक्षेप हलका नाही. प्रमाण उच्चार शिकवावा, जरूर शिकवावा. तो शिकण्याचा त्या मुलींना हक्कच आहे, आणि समूहगान हे तो शिकवण्याचे उत्तम साधन आहे. परंतु शिकवण्याचे साधन आणि तोलण्याचा काटा यांत फरक करावा लागतो. ज्या ठिकाणी मूल निर्भयपणे आवाज उघडते, त्याच ठिकाणी आपण काटा लावला, तर ते 'ण' शिकण्याआधी तोंड मिटायला शिकेल.

मग करावे काय? आमच्या अल्प अनुभवातून तीन गोष्टी सुचतात. वर्गातील समूहगानाची श्रेणी समूहालाच द्यावी, आणि तो समूह पूर्ण वर्गाचा असावा. निवडलेल्या आठांचा नव्हे. व्यक्तीची नोंद करायची ती श्रेणीने न करता वाक्याने करावी, आणि ते वाक्य मुलाच्या स्वतःच्या कालच्या गाण्याशी ताडून लिहावे. जूनमध्ये चार-चार मुलांचे गट करून एक कडवे ऐकावे, फेब्रुवारीत तेच कडवे पुन्हा ऐकावे. चाळीस मुलांचे दहा गट एका तासिकेत ऐकून होतात. आणि मुलांना एकमेकांचे ऐकू द्यावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापन यांना जागा दिली आहे. समूहगानाला ही रीत नवी नाही. रिंगणातली माणसे हेच करीत आली आहेत.

दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, चित्रकला यांच्याबरोबर लोककलेलाही वाढीव गुण देण्याची योजना गेल्या काही वर्षांत राज्यात आली. तिचे स्वागत करताना एक भीती वाटते. गुणासाठी प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्रावर नाव एकाचेच असते. थाळीवर बोट ओढणाऱ्या आजोबांजवळ बसून ज्याने दहा मार्गशीर्ष झेलण्यात घालवले, त्याने प्रमाणपत्र कोठून आणावे? ऐकून शिकलेल्याला सहा पेन्स आणि वाचून शिकलेल्याला एक शिलिंग, हा दर आपण नकळत पुन्हा लावीत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

त्या स्पर्धेनंतरही आम्हांला परीक्षक म्हणून बोलावणी येतात. गुणपत्रक तेच असते. आता आम्ही सुरुवातीलाच आयोजकांची परवानगी घेऊन 'शब्दोच्चार' हा शब्द खोडतो आणि तेथे 'उच्चारांचा मेळ' असे लिहितो. काही ठिकाणी ते मान्य होते, काही ठिकाणी होत नाही. जेथे होत नाही, तेथे त्या रकान्यात सर्व संघांना सारखेच गुण द्यायचे, असे आम्ही आपसात ठरवले आहे. त्या आठ मुलींचे सहा गुण यातून परत जाणार नाहीत, हे आम्ही जाणतो. त्यांच्या शिक्षकांच्या प्रश्नाला मात्र आता आमच्याजवळ उत्तर आहे : चुकलो आम्ही होतो.